इमाम गझाली (रह.) : तर्काची शक्ती आणि तर्काची सीमा

जो माणूस कुरआनला अल्लाहची वाणी मानतो, त्याच्यापुढे कुरआनची एक आयत ठेवली की वाद मिटतो. परंतु जो कोणताही धर्मग्रंथ मानत नाही, त्याला ग्रंथाचाच दाखला देणे म्हणजे जे सिद्ध करावयाचे तेच गृहीत धरणे होय. अशा माणसाशी ईश्वराच्या अस्तित्वाविषयी आणि नीतीच्या पायाविषयी कोणत्या भाषेत बोलावे? महाविद्यालयात शिकणारी आपली मुले-मुली आज हा प्रश्न घरी घेऊन येतात. अनेक घरांत त्यांना रागावून गप्प केले जाते, नाही तर एखादे पाठ केलेले उत्तर ऐकवून विषय संपविला जातो.

हा प्रश्न आजचा नाही. नऊशे वर्षांपूर्वी बगदादमधील एका थोर विद्वानाने त्याला ग्रंथाचा आधार न घेता, निव्वळ बुद्धीच्या बळावर उत्तर दिले. त्या काळातील वादसभांत त्यांच्यासमोर टिकणारे फार थोडे होते. आणि त्याच विद्वानाने कीर्तीच्या शिखरावर असताना यापुढे वादसभेत उतरणार नाही अशी प्रतिज्ञा केली. तर्काची शक्ती आणि तर्काची सीमा या दोन्ही गोष्टी ज्यांच्या एकाच आयुष्यात स्पष्ट दिसतात, त्या इमाम अबू हामिद मुहम्मद गझाली (रह.) यांचे जीवन म्हणूनच आज पुन्हा वाचण्यासारखे आहे.

अनाथ बालपण

इमाम गझाली (रह.) यांचा जन्म हिजरी ४५० म्हणजे इ.स. १०५८ मध्ये खुरासानमधील तूस येथे झाला. हा प्रदेश आजच्या इराणच्या ईशान्येस, मशहद शहराजवळ आहे. चरित्रकारांनी नोंदविले आहे की त्यांचे वडील लोकर कातून उदरनिर्वाह करीत. स्वतःला शिकता आले नाही याची त्यांना खंत होती. अंतकाळी त्यांनी अबू हामिद व अहमद या दोन्ही मुलांना एका सूफी मित्राच्या स्वाधीन केले आणि होती नव्हती ती पुंजी त्यांच्या शिक्षणासाठी दिली. ती लवकरच संपली. तेव्हा त्या सज्जनाने मुलांना मदरशात दाखल होण्याचा सल्ला दिला, कारण तेथे विद्येबरोबर दोन वेळचे अन्नही मिळत असे. पुढे इमाम साहेब या दिवसांविषयी सांगत की आम्ही विद्या मिळवावयास निघालो तेव्हा हेतू अल्लाहचा नव्हता, परंतु विद्येनेच अल्लाहखेरीज दुसऱ्या कोणाची होण्यास नकार दिला.

याच काळातील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. जुरजानहून शिकून परत येताना वाटेत दरोडेखोरांनी काफिला लुटला. तरुण गझाली आपल्या टिपणांची पिशवी तेवढी परत मागत दरोडेखोरांच्या म्होरक्यामागे गेले. त्या कागदांत आपली सारी विद्या आहे, असे त्यांनी सांगितले. म्होरक्या हसला. जी विद्या कागद गेले की जाते, तिला विद्या कसे म्हणावे, असे त्याने विचारले आणि पिशवी परत केली. तूसला पोहोचल्यावर गझालींनी तीन वर्षे घालवून ती सारी टिपणे मुखोद्गत केली. दरोडेखोराच्या तोंडून आलेले सत्यही त्यांनी नाकारले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

त्यानंतर ते नीशापूरच्या निझामिया मदरशात आले आणि इमामुल हरमैन जुवैनी (रह.) यांचे शिष्य झाले. फिकह, उसूल, तर्कशास्त्र आणि इल्मे कलाम म्हणजे श्रद्धातत्त्वांची बुद्धिनिष्ठ मांडणी, या सर्वांत त्यांनी प्रावीण्य मिळविले. गुरूंचे इ.स. १०८५ मध्ये निधन झाल्यावर ते सेल्जुक साम्राज्याचे वजीर निझामुल मुल्क यांच्या दरबारी छावणीत गेले. तेथे विद्वानांच्या वादसभा भरत. त्या सभांत त्यांनी असा ठसा उमटविला की इ.स. १०९१ मध्ये, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, त्यांना बगदादच्या निझामियाचे मुख्य अध्यापकपद मिळाले. तीनशे विद्यार्थी त्यांच्यासमोर बसत. वजीर आणि अमीर त्यांचा सल्ला घेत. त्यांचे समकालीन चरित्रकार अब्दुल गाफिर फारसी यांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे की त्या काळी त्यांच्या स्वभावात अहंकार होता आणि ते इतरांना तुच्छ लेखीत.

वारशाने मिळालेली श्रद्धा

बाहेर हे वैभव असताना आत एक अस्वस्थता होती आणि ती जुनी होती. तरुणपणीच त्यांना दिसून आले होते की ख्रिस्ती घरातील मूल ख्रिस्ती होते, यहुदी घरातील यहुदी आणि मुस्लिम घरातील मूल मुस्लिम होते. मग माझा ईमान सत्यावर उभा आहे की केवळ माझ्या जन्मावर? या प्रश्नाने तकलीदचे, म्हणजे डोळे मिटून अनुकरण करण्याचे, बंधन तुटले. इमाम साहेबांनी पुढे लिहिले की अनुकरणाची काच एकदा फुटली की ती सांधता येत नाही. वितळवून नव्यानेच घडवावी लागते.

त्यांनी निश्चित ज्ञानाची व्याख्या करून पाहिली. दहा ही संख्या तीनपेक्षा मोठी आहे, हे मला पक्के ठाऊक आहे. उद्या कोणी तीन हेच मोठे असे म्हणू लागला आणि पुराव्यादाखल हातातील काठीचा साप करून दाखविला, तर मला त्याच्या करामतीचे आश्चर्य वाटेल. दहा-तीनच्या ज्ञानाविषयी मात्र शंका येणार नाही. अशी निश्चिती कोठे मिळते, याचा ते शोध घेऊ लागले. इंद्रियांवर विसंबावे, तर सावली स्थिर दिसते आणि प्रत्यक्षात सरकत असते. तारा दिनारएवढा दिसतो आणि गणित सांगते की तो पृथ्वीहून मोठा आहे. बुद्धीवर विसंबावे, तर बुद्धीने जसे इंद्रियांना खोटे पाडले तसे बुद्धीलाही खोटे पाडणारी एखादी वरची पायरी नसेल कशावरून? स्वप्नात सारे खरेच वाटते. जाग आल्यावर कळते. सुमारे दोन महिने ते या संशयाच्या आजारात होते. त्यांनी हे कोणाला बोलून दाखविले नाही.

या आजारातून ते बरे झाले ते कोणत्याही प्रमाणामुळे नव्हे, कारण प्रमाण मांडावयाचे तर आधी बुद्धीच्या मूलतत्त्वांवर विश्वास हवा, आणि डळमळीत झाला होता तो नेमका तोच. अल्लाहने अंतःकरणात टाकलेल्या प्रकाशाने तो विश्वास परत आला, असे त्यांनी प्रांजळपणे लिहिले आहे. ही गोष्ट नास्तिकालाही विचारात पाडणारी आहे. बुद्धी विश्वासार्ह आहे हे बुद्धीने सिद्ध करता येत नाही. तर्क करणारा प्रत्येक माणूस काहीतरी मानूनच सुरुवात करतो.

ग्रंथाविना ईश्वराचा पुरावा

बगदादमध्ये अध्यापन आणि लेखन सांभाळून, मोकळ्या वेळात त्यांनी ग्रीक परंपरेतील तत्त्वज्ञानाचा गुरूविना अभ्यास केला. दोन वर्षांच्या आत ते शास्त्र त्यांनी आत्मसात केले आणि पुढचे जवळजवळ वर्षभर त्यावर मनन केले. ज्या मताचे खंडन करावयाचे ते त्या मताच्या पंडितांइतके स्वतःला अवगत असले पाहिजे, हा त्यांचा नियम होता. म्हणून त्यांनी प्रथम ‘मकासिदुल फलासिफा’ या ग्रंथात तत्त्वज्ञांची मते समजावून दिली. ती इतक्या निष्पक्षपणे मांडली होती की टोलेडो येथे त्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर झाल्यावर युरोपातील अनेकांनी गझालींनाच त्या मतांचे पुरस्कर्ते समजले. त्यानंतर इ.स. १०९५ च्या आरंभी ‘तहाफुतुल फलासिफा’ पूर्ण झाला. त्यात तत्त्वज्ञांच्या वीस मतांची चिकित्सा आहे आणि ती त्यांच्याच तर्कशास्त्राने केलेली आहे. विश्व अनादि आहे, ईश्वराला केवळ सामान्य तत्त्वांचे ज्ञान आहे आणि मृत्यूनंतर देहाचे पुनरुत्थान नाही, ही तीन मते त्यांनी इस्लामच्या बाहेरची ठरविली.

याच ग्रंथाच्या प्रारंभी त्यांनी श्रद्धावंतांनाही कडक इशारा दिला आहे. सूर्य-चंद्राच्या ग्रहणाचे कारण गणिताने सिद्ध झालेले आहे. धर्माच्या नावाखाली जो ते नाकारतो, तो धर्माचे रक्षण करीत नाही. उलट धर्मालाच संशयास्पद करतो. चुकीच्या मार्गाने धर्माला मदत करणारा मित्र उघड शत्रूपेक्षा अधिक हानी करतो, असे त्यांचे मत होते.

ईश्वराच्या अस्तित्वाचा त्यांचा पुरावा थोडक्यात असा. जी वस्तू आधी नव्हती आणि नंतर अस्तित्वात आली, तिला अस्तित्वात आणणारे कारण असलेच पाहिजे. विश्व असेच अस्तित्वात आलेले आहे. म्हणून विश्वालाही कारण आहे. येथे प्रतिपक्षी म्हणेल की विश्व अनादि आहे, ते कधी सुरूच झाले नाही. त्यावर इमाम साहेब आकाशाकडे बोट दाखवितात. त्या काळच्या ज्योतिषानुसार सूर्याचे एक आवर्तन वर्षात पूर्ण होते आणि शनीचे तीस वर्षांत. म्हणजे शनीची आवर्तने सूर्याच्या एकतिसांश. दोघेही अनादि काळापासून फिरत असतील, तर दोघांचीही आवर्तने अनंत. मग एक अनंत दुसऱ्या अनंताचा तिसावा भाग कसा? आणि ज्याला अंतच नाही अशी दिवसांची मालिका संपून आजचा दिवस उगवलाच कसा? याचा अर्थ काळाला आरंभ आहे.

पुढचा प्रश्न असा की विश्व याच क्षणी का निर्माण झाले, आधी वा नंतर का नाही? सर्व क्षण सारखेच असतील तर निवड कशी झाली? इमाम साहेब उदाहरण देतात : भुकेल्या माणसासमोर अगदी सारखे दोन खजूर ठेवले आणि एकच घेण्याची मुभा दिली, तर तो दोन्हींत फरक नाही म्हणून उपाशी राहत नाही, एक उचलतो. सारख्या गोष्टींतून एक निवडणे हेच इच्छेचे लक्षण. म्हणून विश्वामागे केवळ आंधळे कारण नाही, तर इच्छा, ज्ञान आणि सामर्थ्य असलेला कर्ता आहे. या संपूर्ण मांडणीत एकाही ग्रंथवचनाचा आधार नाही. इब्ने रुश्द यांनी पुढे या ग्रंथाला सविस्तर उत्तर लिहिले आणि हा वाद आजही तत्त्वज्ञानाच्या वर्गांत चालतो.

नीतीचा पाया कोठे?

ईश्वरानंतरचा प्रश्न नीतीचा. मुअ्तझिला पंथाचे म्हणणे होते की चांगले-वाईट बुद्धीला स्वतःहून कळते. ज्याला परलोक ठाऊक नाही, कोणाच्या स्तुतीची आशा नाही, असा माणूसही मरणाच्या दारातील अनोळखी व्यक्तीला वाचवितो. मग नीतीला ईश्वराज्ञेची गरज काय? हा आक्षेप आजच्या कोणत्याही निरीश्वरवाद्याच्या तोंडी शोभेल असा आहे.

इमाम गझाली (रह.) यांनी त्या माणसाचे सत्कृत्य नाकारले नाही आणि त्याला ढोंगीही म्हटले नाही. त्यांनी त्या कृत्याचे मूळ शोधले. माणूस संकटात सापडलेल्याच्या जागी स्वतःला कल्पितो. ती वेदना दूर करावी असे त्याच्या स्वभावातील सहानुभूतीला वाटते. ही भावना सुंदर आहे, परंतु भावना म्हणजे कर्तव्य नव्हे. एका राजाची हत्या त्याच्या शत्रूंना चांगली वाटते आणि मित्रांना वाईट. माणूस आपल्या हेतूला अनुकूल ते चांगले म्हणतो आणि प्रतिकूल ते वाईट म्हणतो. मग ज्याला दया येतच नाही, त्याच्यावर दया बंधनकारक कशी होणार? ते बंधन सर्व मानवी हेतूंच्या वर असलेल्या स्वामीकडूनच येऊ शकते, हा त्यांचा निष्कर्ष. या प्रश्नावर अहले सुन्नतमध्येही एकच मत नाही. मातुरीदी उलेमांनी बुद्धीला अधिक वाव दिला आहे. मात्र भावना आणि कर्तव्य यांतील अंतर दाखवून इमाम साहेबांनी वादाचा खरा मुद्दा उघड केला, हे मान्य करावे लागते.

येथे प्रतिपक्षाने एक पेच टाकला. बंधन प्रेषितांच्या संदेशानेच येत असेल, तर ऐकणारा म्हणेल की संदेश तपासणे माझ्यावर बंधनकारक आहे हे आधी सिद्ध करा, मग मी तपासतो. इमाम साहेबांचे उत्तर असे की एखाद्याला कोणी सांगितले, तुझ्या मागे सिंह आहे, वळून पाहा म्हणजे माझे खरे-खोटे कळेल; आणि तो म्हणाला की तुझा खरेपणा सिद्ध झाल्याशिवाय मी वळणार नाही, आणि मी वळल्याशिवाय तो सिद्ध होणार नाही. या तर्कात दोष सापडणार नाही कदाचित, परंतु त्यामुळे सिंह थांबत नाही. बुद्धीचे काम संभाव्य धोका ओळखून मान वळविण्याचे आहे.

वाणी थांबली

दुसऱ्यांना निरुत्तर करणाऱ्या या विद्वानाने इ.स. १०९५ मध्ये स्वतःला एक प्रश्न विचारला : मी हे सारे कोणासाठी करतो? उत्तर भयंकर होते. अध्यापनामागे अल्लाहची प्रसन्नता नसून कीर्ती आणि प्रतिष्ठा आहे, असे त्यांना आढळले. बगदाद सोडावे असे सकाळी ठरवीत, संध्याकाळी मन फिरे. रजब महिन्यापासून कित्येक महिने ही ओढाताण चालली. अखेर एके दिवशी शिकविण्यास बसले असता वाणीच बंद झाली. शब्द फुटेना, घास उतरेना. वैद्यांनी सांगितले की हा रोग मनाचा आहे, त्याला औषध नाही. परलोकाचे प्रमाण त्यांच्यापाशी होते. त्या प्रमाणाप्रमाणे जगणे नव्हते.

त्याच वर्षी जिल्काद महिन्यात त्यांनी मक्केला जाण्याचे निमित्त सांगून बगदाद सोडले. मुलाबाळांपुरते ठेवून बाकीची संपत्ती वाटून टाकली. अध्यापनाची जागा बंधू अहमद यांनी सांभाळली. दमास्कसच्या जामा मशिदीच्या मिनारात ते दार लावून दिवसभर एकांतात बसत. नंतर बैतुल मुकद्दसला कुब्बतुस्सखरामध्ये त्यांची इबादत चाले. पुढे हजरत इब्राहीम खलीलुल्लाह (अलै.) यांच्या कबरीपाशी त्यांनी तीन प्रतिज्ञा केल्या : कोणत्याही राजाचे धन घेणार नाही, कोणत्याही राजाच्या दरबारी जाणार नाही आणि कोणाशी वादसभेत वाद घालणार नाही. इ.स. १०९६ मध्ये त्यांनी हज केले.

वादाचे नियम

या एकांतवासात ‘इहया उलूमिद्दीन’ हा चाळीस प्रकरणांचा महाग्रंथ आकारास आला. त्याच्या पहिल्याच प्रकरणात, म्हणजे विद्येच्या प्रकरणात, त्यांनी वादाचे रोग मोजून दाखविले आहेत : मत्सर, अहंकार, द्वेष, निंदा, प्रतिपक्षाच्या दोषांची हेरगिरी, त्याच्या दुःखाचा आनंद, आणि सर्वांत वाईट म्हणजे सत्य प्रतिपक्षाच्या तोंडून निघाले तर त्याचा तिटकारा. ज्याने स्वतः वादसभा गाजविल्या त्याने हे लिहिले, म्हणून त्याला वजन आहे.

मात्र त्यांनी चर्चा निषिद्ध ठरविली नाही. तिला अटी घातल्या. चर्चा सत्यासाठी असावी. ती गर्दीसमोर करण्यापेक्षा एकांतात करणे अधिक पसंत असावे. सत्य हे हरवलेल्या वस्तूसारखे मानावे. ती आपल्या हाती लागली काय किंवा सोबत्याच्या हाती लागली काय, आनंद सारखाच. समोरच्याने चूक दाखविली तर त्याचे आभार मानावेत. आणि त्याहून निकडीचे कर्तव्य समोर पडले असेल तर वाद बाजूला ठेवावा. त्यांच्या काळी कित्येक गावांत एकही मुसलमान वैद्य नव्हता आणि सारे विद्यार्थी मात्र फिकहच्या वादांत गुंतलेले होते, याकडे त्यांनी बोट दाखविले.

इल्मे कलामविषयीचे त्यांचे मतही असेच तोललेले आहे. हाजींच्या काफिल्याला लुटारूंपासून राखणारा पहारेकरी आवश्यक असतो. परंतु केवळ पहारा दिल्याने त्याचे हज होत नाही. ईश्वराचे प्रमाण हे संशयाने ग्रासलेल्याला औषध आहे. निरोगी माणसाला रोज औषध पाजणे शहाणपणाचे नव्हे, आणि रोग्याला ते नाकारणे दयेचे नव्हे.

अखेरची वर्षे

सुमारे अकरा वर्षांनंतर, इ.स. ११०६ मध्ये, निझामुल मुल्क यांचे पुत्र फखरुल मुल्क यांच्या आग्रहावरून त्यांनी नीशापूरला पुन्हा अध्यापन स्वीकारले. पूर्वी मी प्रतिष्ठा मिळवून देणारी विद्या शिकवीत होतो, आता प्रतिष्ठेचा त्याग शिकविणारी विद्या शिकवितो, असा फरक त्यांनी ‘अल-मुनकिझ’ या आत्मनिवेदनात सांगितला आहे. अब्दुल गाफिर यांना हा पालट आधी खरा वाटला नाही. पारखून पाहिल्यावर त्यांची खात्री झाली. दरम्यान, इ.स. ११०९ मध्ये कुर्तुब्यात ‘इहया’ ग्रंथ जाळण्यात आला. आपल्याच लोकांचा हा विरोधही इमाम साहेबांच्या वाट्याला त्यांच्या हयातीत आला.

थोड्याच काळात ते तूसला परतले. घराजवळ मदरसा आणि सूफींसाठी खानकाह चालवू लागले. बगदादचे निमंत्रण पुन्हा आले, ते त्यांनी नाकारले. शेवटचे दिवस हदीसच्या अभ्यासात, बुखारी व मुस्लिम यांच्या संग्रहांच्या सहवासात गेले. १४ जमादिउस्सानी ५०५, म्हणजे १८ डिसेंबर ११११ रोजी, बंधू अहमद यांच्या कथनानुसार, त्यांनी पहाटे वुजू करून फजरची नमाज अदा केली, कफन मागवून घेतले, ते चुंबून डोळ्यांना लावले आणि किब्ल्याकडे पाय करून पहुडले. उजाडण्यापूर्वीच ते आपल्या रबकडे गेले. मागे फक्त मुली होत्या.

आपल्यासाठी बोध

इमाम गझाली (रह.) शाफिई होते. कोकणातील आपली शाफिई कुटुंबे ज्या फिकहप्रमाणे नमाज-रोजे पाळतात, तिच्या मांडणीत त्यांच्या ग्रंथांचा मोठा वाटा आहे. परंतु त्यांची शिकवण कोणत्याही एका मसलकपुरती नाही.

आपल्या घरातील तरुणाने ईश्वराचा पुरावा मागितला, तर तो बिघडला असे समजू नये. हाच प्रश्न इमाम साहेबांनी स्वतःला विचारला होता, आणि तो विचारल्यामुळेच त्यांचा ईमान वारशाचा न राहता स्वतःचा झाला. अशा मुलाशी ग्रंथाबाहेरच्या भाषेत, विज्ञान न नाकारता, त्याचे म्हणणे आधी नीट समजून घेऊन बोलावे. ते गर्दीत किंवा मोबाइलवरील गटात नव्हे, तर एकांतात आणि मायेने बोलावे. त्याचा एखादा मुद्दा बरोबर असेल तर तो मान्य करावा. त्याने आपला दीन लहान होत नाही.

आणि त्याचबरोबर स्वतःलाही विचारावे की ज्या परलोकाचे प्रमाण आपण मुलासमोर मांडतो, त्याची चाहूल आपल्या व्यापारात, बोलण्यात, शेजाऱ्याशी असलेल्या वागण्यात त्याला दिसते काय? तर्काने मान वळविता येते. पावले उचलण्यासाठी मात्र समोर चालणारा माणूस दिसावा लागतो. सर्वसमर्थ अल्लाह आपल्या बुद्धीला सत्य ओळखण्याचे आणि आपल्या अंतःकरणाला ते जगण्याचे बळ देवो. आमीन.